हरतालिकेच्या दिवशी मी खाल्लं होतं

"बेसिलर आर्टरी ब्लॉक है। पूरी।"

डॉक्टर मॅडम माझ्या डोक्याशी उभ्या राहून माझ्या नवऱ्याला सांगत होत्या. मी स्ट्रेचरवर होते. डोळे उघडले की छत फिरायचं, म्हणून मिटून पडले होते. डोळे मिटलेल्या बाईला ऐकूही येत नाही असं लोक धरून चालतात. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बॅसिलर आर्टरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली एक रक्तवाहिनी. मानेच्या मागून वर जाणाऱ्या दोन वाहिन्या एकत्र येऊन ती बनते. श्वास, गिळणं, बोलणं, डोळ्यांची हालचाल, शरीराचा तोल, इतकंच काय, माणूस जागा राहणं, हे सगळं तिच्या रक्तावर चालतं. मेंदूच्या या मागच्या रक्तपुरवठ्याला पोस्टिरिअर सर्क्युलेशन म्हणतात. माझ्या त्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकली होती. हा स्ट्रोक होता, म्हणजे पक्षाघातच. पण माझा हात लुळा पडला नव्हता, तोंड वाकडं झालं नव्हतं. त्यामुळे सकाळपासून सगळे एकच म्हणत होते, उपासाने चक्कर आली.

मी उपास केलेला नव्हता. ही गोष्ट त्या दिवशी फक्त मला माहीत होती, असं मी समजत होते. आणि ती सांगायला नेमकी माझीच जीभ वळत नव्हती.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी. उद्या तुमच्या घरात कुणी अचानक भिंत धरून उभं राहिलं, तर "पित्त झालं असेल" म्हणण्याआधी तुम्हाला माझी आठवण व्हावी, एवढाच हेतू. सहानुभूती नको आहे. ती मला एवढी मिळाली की मी कंटाळले.

आधी हरतालिकेचं सांगते. महाराष्ट्रात हे व्रत बरंच समजूतदार आहे. माझी पुण्याची मावसबहीण त्या दिवशी दूध, केळी, राजगिऱ्याचा लाडू खाते, आणि तिची गौर तिच्यावर कधी रागावलेली नाही. इथे ग्वाल्हेरात आजूबाजूच्या हिंदी बायका हेच व्रत तीज म्हणून निर्जळ करतात, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्यांच्यासमोर आपण मराठी बायकांनी कमी पडायचं कसं? म्हणून आपल्यातल्याच कुणा मानी बाईने कधीकाळी आपलाही उपास निर्जळ करून टाकला असणार. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. सासरची पिढ्यान् पिढ्यांची फौजेतली नोकरी गेली होती, मध्यभारत राज्य येऊन गेलं होतं, मध्यप्रदेश नवा नवा होता. सरकारं बदलली, पगार देणारे बदलले, आमचा उपास तेवढा बदलला नाही, असं माई अभिमानाने सांगत. सासरे गेल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. हे व्रत एकदा धरलं की सोडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

मीही लग्नानंतर काही वर्षं केला. मी शाळेत गणित शिकवायचे. एका हरतालिकेला वर्गात फळ्याशी उभी असताना हातापायांतलं बळच गेलं, आणि मी मुलींसमोर खाली बसले. त्या दिवशी ठरवलं, आता बास. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायकोने पाणी सोडायचं, आणि बायकोच्या आयुष्यासाठी नवऱ्याने एक वेळचा चहाही सोडायचा नाही, हे समीकरण मला कुठल्याच बाजूने सुटेना.

पण घरात भांडण नको होतं. मग एक मधला रस्ता काढला. पूजेला पत्री लागते, म्हणजे बेल, आघाडा, दूर्वा, तऱ्हेतऱ्हेची पानं. ती महाराज बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य बाजारचौकात, फुलवाल्यांकडे मिळते. पत्री आणायचं काम मी मागून घेतलं. पिशवीभर पत्री घ्यायची आणि मागच्या गल्लीत उभ्याने दोन कचोऱ्या खायच्या, वर बटाट्याची पातळ भाजी, मग जिलबी आणि कडक चहा. कचोरीवाला दरवर्षी म्हणायचा, "मैडम, आज तो तीज है।" मी म्हणायचे, "तुम्हारे यहाँ होगी।" घरी आले की बायका कौतुक करत, उपाशी पोटी एवढ्या उन्हातून पत्री आणली हो हिने. मी मान खाली घालून आघाडा निवडत बसायचे.

त्या वर्षीही तसंच झालं. आमच्या कंपू मोहल्ल्यात, घरापासून जवळच, कमलताई राहतात. पूजा त्यांच्याकडे असते, आमच्या मराठी बायका आणि शेजारच्या चार हिंदी बायका मिळून. वाळूची पिंड केली होती, शेजारी पार्वती आणि तिची सखी, अशा दोन मूर्ती. आरतीच्या सुमारास मी मूर्तींकडे पाहिलं तर त्या चार होत्या. डोळे चोळले. चारच. मग जमीन उजवीकडे कलली आणि मी पत्रीच्या ताटावर पडले.

उलटी झाली. उठून बसवलं की पुन्हा एका बाजूला कलत होते. बायकांनी धरलं, पदराने वारा घातला. "निर्जळ आहे ना, पित्त उसळलं," कमलताई म्हणाल्या. मग तिथे एक वाद सुरू झाला, जो मी जन्मात विसरणार नाही. मला पाणी द्यायचं की नाही. एक म्हणाली साखरपाणी द्या, दुसरी म्हणाली व्रत मोडेल, तिसरी म्हणाली नुसते ओठ ओले करा. शेवटी कुणीतरी चमच्याने गंगाजल घातलं आणि ते माझ्या नाकातून बाहेर आलं, कारण मला गिळताच येत नव्हतं. तेही उपासाच्याच खात्यावर गेलं.

मला जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेलं, माई आणि पूजेतल्या बायका बरोबर होत्या. तिथला ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. सकाळपासून व्रताच्या बायका त्याच्याकडे येतच होत्या. बायकांनी एका सुरात सांगितलं, "निर्जला व्रत है।" त्याने नाडी पाहिली, उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावायला सांगितलं. म्हणाला, "शाम तक ठीक हो जाएँगी।" त्याला मी दोष देत नाही. जे कानावर पडलं त्यावरून तो बरोबरच वागत होता.

मला आतून कळत होतं की हे वेगळं आहे. पोट भरलेलं होतं. पाणी प्याले होते, ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा घेतली होती. उपास नाहीच, तर उपासाने चक्कर येईल कशी? एवढा साधा तर्क होता, आणि तो त्या खोलीत फक्त माझ्या डोक्यात होता. मी बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसते लाळेचे आवाज आले. पुन्हा केला. कमलताई म्हणाल्या, "नको बोलूस ग, पडून राहा." मला इतका राग आला की सांगता येत नाही. मी सलाइनच्या हाताने माईंचा पदर ओढला आणि आपलं पोट थोपटलं, मग तोंडाकडे हात नेला, पुन्हा पोट थोपटलं.

माई वाकल्या. माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि सगळ्या बायकांसमोर त्या डॉक्टरला ठणकावून म्हणाल्या, "इसने खाया है। इसका व्रत नहीं है।"

डॉक्टर चटकन वळला. बोट टोचून साखर तपासली, ती व्यवस्थित होती. माझ्या पापण्या वर करून बुबुळं पाहिली, ती आपोआप थरथरत होती. मला त्याच्या बोटाला आणि मग माझ्या नाकाला हात लावायला सांगितलं, माझा हात नाक सोडून कानाकडे गेला. त्याने सलाइन तसंच ठेवून अँब्युलन्स मागवली आणि मोठ्या हॉस्पिटलला स्वतः फोन केला. माईंना म्हणाला, "अम्मा, अच्छा हुआ आपने बता दिया।"

मोठ्या हॉस्पिटलात पहिला सीटी स्कॅन झाला आणि तो स्वच्छ आला. माझे यजमान तोवर पोचले होते. त्यांनी लगेच सगळ्यांना फोन करून सांगितलं, सीटी नॉर्मल आहे. हे लक्षात ठेवा, मागच्या भागातला स्ट्रोक सुरुवातीला साध्या सीटीत पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर मॅडमनी मला एकदा पाहिलं आणि रक्तवाहिन्यांचा सीटी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी करायला लावली. त्यात बॅसिलर आर्टरी मधेच तुटल्यासारखी दिसली. तिथून पुढे रक्त जातच नव्हतं.

मॅडम ग्वाल्हेरशेजारच्या मुरैनाकडच्या. बोलणं रोखठोक. त्या म्हणाल्या, "आगे वाले स्ट्रोक में हाथ-पाँव गिरता है, सब दौड़ते हैं। पीछे वाला चक्कर बनकर आता है, इसलिए घर में ही पड़ा रहता है।" गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यांनी तिथेच सुरू केलं, पण एवढी मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने हलेल याची खात्री नाही म्हणाल्या. थ्रॉम्बेक्टमी करावी लागेल. म्हणजे मांडीच्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून बाहेर काढायची. डोकं उघडायचं नाही.

आता आमच्या घरात वाद लागला. यजमानांचं म्हणणं, दिल्लीला नेऊ. आमच्या शहराची ही जुनी सवय आहे. साधं दाढेचं दुखणं सोडलं तर ग्वाल्हेरकर प्रत्येक आजाराला दिल्लीची वाट दाखवतो. माझी मुलगी ईशा बँकेतून धावत आली होती. ती म्हणाली, "बाबा, मॅडम बोलताहेत ना की टाइम नाहीये. रस्त्यात काही झालं तर क्या करेंगे?"

यजमानांनी विचारलं, वाचण्याची शक्यता किती टक्के. मॅडम म्हणाल्या, "प्रतिशत देकर मैं आपको बहलाऊँगी नहीं।" मग त्यांनी जे सांगितलं ते मी डोळे मिटून ऐकलं. मेंदूच्या पुढच्या भागातल्या मोठ्या गुठळ्या काढल्याने फायदा होतो हे लवकर सिद्ध झालं. मागच्या भागाबद्दल मात्र जगभरचे तज्ज्ञ बरीच वर्षं वाद घालत होते. आता नीट निवडलेल्या रुग्णांत फायदा दिसला आहे. तरीही गुठळी निघाली म्हणजे माणूस निघाला असं होत नाही. काही चालत घरी जातात. काही अंथरुणाला खिळतात. काही जात नाहीत कुठेच, जगतात, पण फक्त डोळे हलतात. आत सगळं कळत असतं. त्याला लॉक्ड-इन म्हणतात, शरीरात कोंडलं गेलेलं मन. आणि काहीच केलं नाही तर मात्र काय होईल ते जवळजवळ ठरलेलं आहे.

कोंडलं जाणं म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. सकाळपासून त्याची चव घेत होते. माझ्या डोक्यावरून माझ्याच जिवाचा निर्णय चालला होता आणि मत द्यायला मला तोंड नव्हतं. मी हात पुढे केला. तो दोनदा हवेत चुकला. तिसऱ्यांदा मॅडमच्या पांढऱ्या कोटाची कड सापडली, ती मी मुठीत धरली आणि सोडली नाही. यजमान म्हणाले, "अगं सोड, त्यांना काम आहे." मी सोडली नाही. मॅडम म्हणाल्या, "ये तो कह रही हैं कि यहीं करो।" बरोबर तेच म्हणत होते.

आणखी एक प्रश्न बाकी होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं. यजमानांनी सवयीने सांगितलं, "कल रात। आज तो व्रत है।" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. माई मागून म्हणाल्या, "सुबह कचोरी खाई है। पेट भर के।" डॉक्टरांनी आपली तयारी बदलली. नंतर त्यांनीच ईशाला समजावून सांगितलं, भरल्या पोटी भूल देताना अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, ते आधी माहीत असेल तर सांभाळता येतं. म्हणून सांगते, हॉस्पिटलात खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा. देवाला ते चालतं की नाही चालत त्याचा हिशोब घरी गेल्यावर करता येतो.

पुढचं मला आठवत नाही. गुठळी निघाली. मॅडमनी ती बाहेर येऊन यजमानांना दाखवली. भिजलेल्या साबुदाण्याएवढी होती, लाल, असं ते सांगतात. त्या साबुदाण्याने मला आडवं केलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. मॅडमनी विचारलं, ऐकू येत असेल तर बोटं हलवा. मी दहाही बोटं हलवली आणि वर पायाचीही हलवली. ईशा काचेपलीकडे रडत होती. माझ्या डोळ्यांना दोन ईशा दिसत होत्या आणि दोघी रडत होत्या.

ती गणेशचतुर्थी होती. घरी गणपती बसवायचा की नाही यावर चर्चा झाली म्हणे. माई म्हणाल्या, बसवायचा. मोदक त्यांनी केले, आणि त्यातला एकही मला मिळाला नाही, कारण गिळण्याच्या परीक्षेत मी नापास झाले होते. पाणी श्वासनलिकेत जात होतं. नाकातून पोटात नळी घातली, तिला रायल्स ट्यूब म्हणतात, आणि सगळं त्या नळीतून. इतकी वर्षं उपास चुकवला, आता तोंडाने थेंब नाही. कमलताई भेटायला आल्या तेव्हा हळहळून म्हणाल्या, "गौर कधी कुणाचं ठेवत नाही ग." मला उत्तर देता येत नव्हतं. मी फक्त बघितलं. बघणं पुरेसं होतं असं ईशा म्हणते, कारण कमलताई पाच मिनिटांत उठल्या.

आज मला बोलता येतं, तर उत्तर देऊन टाकते. कमलताई, मी खाल्लं म्हणून आजारी पडले नाही. माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची धडधड बेताल होती, तिला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्त साचून गुठळ्या होतात आणि एखादी मेंदूकडे निघते. ते कुणाला कळलं नव्हतं. उलट मी खाल्लं होतं म्हणूनच ही उपासाची चक्कर नाही हे वेळेत कळलं. त्या दिवशी खरोखर उपाशी असते, तर संध्याकाळपर्यंत सलाइनवर पडले असते, आणि नंतर तुम्ही सगळ्या मिळून म्हणाला असता की व्रतात गेली, पुण्यवान होती.

घशातली नळी गेली, मग नाकातली. पहिला घास दह्याचा होता. बोलणं आलं, पण जड, जिभेला दगड बांधल्यासारखं. सगळ्यात त्रास तोलाचा. अटॅक्सिया म्हणजे हातापायांत ताकद असते पण त्यांचा ताळमेळ सुटतो. फिजिओथेरपीवाला मुलगा जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारायचा आणि तिच्यावरून चालायला लावायचा. मी दारू प्यायल्यासारखी चालायचे. वॉर्डातली एक आजी म्हणाली, "बेटा, बुढ़ापे में ये शौक क्यों लगाया?" मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले आणि हसताना पडले.

एका दुपारी माई एकट्याच जवळ होत्या. मी विचारलं, "माई, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"मी खाल्लं होतं ते."

माईंनी संत्र्याची साल काढायचं थांबवलं नाही. "पत्रीच्या पिशवीला दरवर्षी हिंगाचा वास येतो," त्या म्हणाल्या. "बेलाला कधी हिंगाचा वास असतो का?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

त्यांनी संत्र्याची फोड सोलून, बी काढून माझ्या तोंडात घातली आणि मी ती नीट गिळते का ते बघत बसल्या.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. तिथे एका शिकाऊ डॉक्टरने मला एक मापपट्टी समजावली. मॉडिफाइड रँकिन स्केल. स्ट्रोकनंतर माणूस किती सावरला ते शून्य ते सहा यात मोजतात. शून्य म्हणजे काहीच तक्रार नाही. एक म्हणजे थोडी लक्षणं, पण पूर्वीची सगळी कामं जमतात. दोन म्हणजे सगळी जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः करता येतं. तीन म्हणजे आधाराशिवाय चालतो पण कामात थोडी मदत लागते. असं वाढत जातं आणि सहा म्हणजे माणूस गेला. जन्मभर मुलींना शून्य मिळू नये म्हणून ओरडले, आणि आता मला शून्य हवं होतं.

त्याने मला तीन दिले. म्हणाला, "मैम, बहुत अच्छा रिज़ल्ट है। पीछे वाले स्ट्रोक की रिसर्च में तीन तक को अच्छा ही गिनते हैं।"

मला ते आवडलं नाही. कुणाला अच्छा? अंघोळीच्या वेळी मुलीला दाराबाहेर उभं राहायला लावावं लागतं, त्याला अच्छा कोण म्हणतं? मी त्याला विचारलंही. तो गडबडला. डॉक्टर मॅडम आत आल्या आणि ऐकून हसल्या. "जो नहीं बचते उनको देखकर बनाया है ये हिसाब," त्या म्हणाल्या. "आपको कम चाहिए तो कम करके दिखाइए।"

ही भाषा मला समजते. घरी येऊन कामाला लागले. भिंत धरून, मग भिंतीजवळून, मग भिंतीशिवाय. ईशाचं "आई, तू टेन्शन नको घे, मी करते ना" हे मी घरात बंद केलं. तिला वाईट वाटलं, पण तिच्या मायेत मी तीनवर अडकून पडले असते. पुढच्या तपासणीला दोन मिळाले. मॅडमनी विचारलं, "पहले वाले सारे काम कर लेती हैं?" मी हो म्हणणार तेवढ्यात ईशा म्हणाली, "बाड़े पर अकेली नहीं जातीं।" म्हणून दोनच राहिले.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी आता कायमची आहे. मॅडमनी बजावलंय, खाली पेट नहीं, कभी नहीं. म्हणजे जे मी गल्लीत उभी राहून खात होते ते आता डॉक्टरच्या हुकमाने बसून खाऊ शकते. तरी हरतालिका जवळ आली तशी घरात कुजबुज सुरू झाली. यजमान म्हणाले, पत्री कुणाकडून तरी मागवू. ईशा म्हणाली, ऑनलाइन मिळते. मी म्हटलं, पत्री मीच आणणार, आणि एकटी.

माई कोपऱ्यात बसल्या होत्या. सकाळी मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा दाराशी आल्या. "दोन माझ्यापण आण," म्हणाल्या.

मला वाटलं पत्रीच्या जुड्या.

"कचोऱ्या ग. माझी ब्लडप्रेशरची गोळीपण खाऊनच घ्यायची असते. इतकी वर्षं त्या दिवशी घेत नव्हते. तुझं पाहिलं, आता नाही."

बाड्यापर्यंत चालत गेले. गर्दीत दोनदा कलले, एकदा फुलवालीच्या टोपलीला धरलं. तिने टोपली घट्ट धरून ठेवली. पत्री घेतली. गल्लीत कचोरीवाल्याने ओळखलं. "मैडम, पिछली बार के बाद दिखी नहीं।" मी म्हटलं, "ज़रा काम था। चार बाँध दो।"

कमलताईंकडे सगळ्या जमल्या होत्या. वाळूच्या पूजेची तयारी चालू होती. माई आणि मी ओसरीवर बसलो, कागद उलगडला आणि खायला लागलो. पूर्ण ओसरीवर हिंगाचा वास पसरला. एक हिंदी शेजारीण, नवीन लग्न झालेली, घाबरून म्हणाली, "अम्मा जी, आज तो तीज है।"

माईंनी घास संपवला, बोटं पुसली. माझ्याकडे हात केला. "इसका व्रत नहीं है," त्या म्हणाल्या. मग स्वतःकडे. "मेरा भी नहीं।"

कमलताईंनी बेलाची पानं निवडायला घेतली. ज्यांचा उपास होता त्यांचा उपास राहिला. कुणाला आम्ही काही शिकवायला गेलो नाही. पण त्या नव्या मुलीच्या सासूने तिला आत नेऊन पाणी दिलं, ते मी पाहिलं.

त्या तरुण डॉक्टरचे, मुरैनाच्या मॅडमचे आणि माईंचे उपकार मी फेडू शकत नाही, त्या फंदात मी पडतही नाही. फक्त सांगत राहते. अचानक तोल गेला, एकाचे दोन दिसले, बोलणं जड झालं, गिळता येईना, तर उपास, पित्त, ऊन यांतलं काहीही मनात आणू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या, आणि काय खाल्लंय ते खरं सांगा.

आरतीला उभी राहिले तेव्हा ईशाने कोपर धरायला हात पुढे केला. मी तो बाजूला केला. डावीकडे फार वळून पाहिलं तर मला अजून एकाचे दोन दिसतात. म्हणून मान सरळ ठेवली आणि समोर पाहिलं. वाळूच्या मूर्ती दोनच होत्या, पार्वती आणि तिची सखी.